वऱ्हाडातलं न जुळणारं उत्तर

अमरावती

बडनेरा स्टेशनवर उतरले, तेव्हा नलिनीताई स्वतः स्कूटर घेऊन आल्या होत्या. पासष्टीच्या बाई, सुती साडी, पायात बूट. मी नमस्कार केला. त्यांनी माझी बॅग स्कूटरच्या पुढच्या जागेत कोंबली आणि म्हणाल्या, "आलात? चला. आधी जेवा, मग चोर पकडा."

पहिल्याच वाक्यात कुणी असं तोंडावर बोलल्यावर काय उत्तर द्यायचं, हे आम्हा कोकणातल्यांना जन्मभर जमत नाही. मी मुकाट्याने मागे बसले.

त्या म्हणाल्या ते खरंच होतं. मी त्यांची पाहुणी होते आणि त्यांची परीक्षा घ्यायलाही आले होते. ते कसं, हे आधी सांगायला हवं.

मी चिपळूणला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. त्याशिवाय एका जाळ्याची सभासद आहे. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, आणि माणूस हाडांच्या दुखण्याने तळमळतो. ह्या वाकण्याला आवर घालणारा एखादा रेणू सापडावा म्हणून असंख्य रेणू कॉम्प्युटरवर ताडून पाहावे लागतात. हा हिशेब इतका अवाढव्य आहे की त्याला लागणारी यंत्रं आमच्यासारख्यांना परवडायची नाहीत. म्हणून त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि ज्याच्या घरी कॉम्प्युटर रिकामा पडलाय त्याने त्यातला एक एक सोडवायचा, अशी आमची पद्धत.

ह्या जाळ्याला मालक नाही, मुख्य कचेरी नाही. मग उत्तर खरं की खोटं हे कोण ठरवणार? सगळे मिळूनच. एकच तुकडा दोन वेगवेगळ्या घरी जातो आणि त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. उत्तरं जुळली तर खरी मानायची. नाही जुळली तर तोच तुकडा तिसऱ्याकडे जातो, आणि जो एकटा पडेल त्याच्यावरचा विश्वास थोडा कमी होतो. कुणी सतत एकटा पडायला लागला तर त्याला जाळ्यात ठेवायचं की नाही, ह्यावर सभासद मत देतात.

वऱ्हाडात आमची बरीच मशीन होती. अमरावतीत, अकोल्यात आणि सगळ्यात जास्त तेल्हाऱ्याला. सगळं सुरळीत होतं. पण गेल्या दिवाळीच्या सुमारास विचित्र प्रकार सुरू झाला. वऱ्हाडातली उत्तरं बाकी कुणाशीच जुळेनात, पण एकमेकांशी मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत जुळत. परीक्षेत एका बाकावरच्या सगळ्या मुलांचं गणित एकसारखं चुकलं, तर पर्यवेक्षकाला जे वाटेल तेच आम्हाला वाटलं. नाशिकचा निखिल आमच्या पडताळणी गटात आहे. हुशार आणि कडक. तो म्हणाला, "एक जण काहीतरी ठोकून देतोय आणि बाकीचे त्याची नक्कल करतायत. जास्त तुकडे सोडवणाऱ्यांच्या यादीत नाव वर यावं म्हणून लोक हे करतात. सगळ्यांना काढा." रविवारी संध्याकाळी मतदान ठरलं. ठराव मंजूर झाला असता तर वऱ्हाडातली सगळी मशीन बाहेर गेली असती आणि त्यांनी आजवर केलेलं सगळं कामही रद्द झालं असतं.

मी म्हटलं, मत द्यायच्या आधी कुणीतरी तिथे जाऊन बघून तरी या. असं म्हणणाऱ्यालाच जावं लागतं, हा नियम कोकणात आहे तसाच ह्या जाळ्यातही आहे. निखिलने एक तुकडा मुद्दाम तयार केला, जो जाळ्यावर कधी टाकलाच नव्हता. त्याचं उत्तर फक्त त्याला आणि मला माहीत. तो पेन ड्राइव्हवर घेऊन मी निघाले.

नलिनीताईंचं घर रुक्मिणीनगरात. नवरा गेलेला, मुलगा परदेशात. नोकरीभर त्यांनी सरकारी दवाखान्यांत रक्त तपासलं, त्यातली बरीच वर्षं मेळघाटात. वऱ्हाडातला आमचा गट त्यांनीच जमवला होता.

जेवायला कढी-गोळे होते. वाटलेल्या डाळीचे गोळे उकळत्या कढीत सोडलेले. आमच्याकडे कढी म्हणजे भाताबरोबरचं सोज्वळ प्रकरण. ही कढी अंगावर आली. डोळ्यांतलं पाणी पुसत होते तेवढ्यात ताईंनी विचारलं, "वरून सांबार टाकू?" कढीवर सांबार? पण परक्या गावी आलो आहोत, नाही कसं म्हणायचं, म्हणून मी वाटी पुढे केली. त्यांनी त्यात चिमूटभर कोथिंबीर टाकली. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मी हसले, त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्याही पहिल्यांदा हसल्या. पण पुढच्याच क्षणी चेहरा पुन्हा होता तसा.

"लावा तुमची परीक्षा," त्या म्हणाल्या.

त्यांचा कॉम्प्युटर बैठकीतल्या कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली. तेल्हाऱ्याच्या देवीदास गावंडेंनी तो त्यांना आणून बसवून दिला होता. मी पेन ड्राइव्ह लावला. ताईंनी उठून इंटरनेटची वायर स्वतः उपसली आणि माझ्या हातात दिली. "ही धरा. मांडीवर घेऊन बसा. म्हणजे मी कोणाची नक्कल करून राहिली, ते तुम्हालाच दिसेल."

हिशेबाला काही तास लागणार होते. मी खरोखरच वायर पर्समध्ये घातली आणि आम्ही अंबादेवीच्या दर्शनाला गेलो. येताना ताईंनी गिला वडा खायला घातला. दह्यात बुडवलेला मऊ वडा, वर तिखट-गोड चटणी. त्या स्वतः मात्र खात नव्हत्या. द्रोण तसाच हातात धरून उभ्या होत्या.

"मी चुकीचं रक्त कोणाच्या नावावर कधी लावलं नाही," त्या एकदम म्हणाल्या. "रिटायर झाल्यावर माझ्यावर हा डाग."

घरी आलो तर उत्तर तयार होतं. मी कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. जुळत नव्हतं.

पण वायर माझ्या पर्समध्ये होती. नक्कल करायला समोर कुणी नव्हतंच, आणि हा तुकडा जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. म्हणजे नक्कल नव्हती! मी ताईंना तसं सांगितलं आणि निखिलला फोन लावला.

"नक्कल नाही, मान्य," तो म्हणाला. "पण उत्तर चुकलंच ना? मग प्रोग्रॅममध्येच फेरफार असणार. मधल्या पायऱ्या गाळल्या की काम झटपट होतं. आणि ही सगळी मशीन एकाच माणसाने बसवून दिलीत. तेल्हाऱ्याचे ते गावंडे."

फोन स्पीकरवर होता. ताईंनी सगळं ऐकलं.

मी म्हटलं, "माझ्याजवळ मूळ प्रोग्रॅमही आहे. तो इथेच नव्याने टाकून तोच तुकडा परत चालवू. उद्या सकाळपर्यंत कळेल."

"माझ्या घरी नाही," ताई म्हणाल्या. "संशय देवीदासवर आहे ना? मग त्याच्या घरी, त्याच्यासमोर करा. माणसाच्या पाठीमागे त्याची परीक्षा घ्यायची नाही. मी येते संग."

अकोला

अकोल्यापर्यंत गाडीने आणि तिथून अकोटमार्गे तेल्हाऱ्याला एसटीने, असा बेत होता. अकोल्याच्या स्टँडवर चहा घेतला. सोबत आलूबोंडा. म्हणजे आपला बटाटेवडाच, पण तसं म्हटलं तर दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो.

गाव मागे पडलं आणि मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. डोंगर कुठेच नव्हते. आमच्याकडे नजर दहा पावलांवर कशाला तरी अडते, फणसाला, चढाला, नाहीतर शेजाऱ्याच्या दगडी गडग्याला. इथे नजर टाकली की जातच राहते. काळीभोर जमीन, तिच्यावर फुटलेला कापूस, मध्येच तुरीचे पिवळे पट्टे, आणि ह्या सगळ्यावर आभाळ. इतकं आभाळ एकदम बघायची मला सवय नाही. आमच्या तांबड्या मातीत पाय घसरतो. ताई म्हणाल्या, इथल्या मातीत पाय रुततो आणि चप्पल मागेच राहते.

अकोट सोडल्यावर बसने एक आवाज केला आणि ती थांबली. कंडक्टर उतरला, वाकला, परत वर आला. "उतरा आता. हे काई आज जात नाई."

वेळ जाऊन चालणार नव्हतं. शनिवार दुपार होती आणि मतदान रविवारी संध्याकाळी. ताईंनी साडीचा पदर खोचला आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून येणारा एक मेटॅडोर अडवला. तेल्हाऱ्याच्या जिनिंग मिलला कापूस नेत होता. ताई ड्रायव्हरशेजारी बसल्या. मला जागा मिळाली वर, कापसावर.

कापसावर बसणं हे मऊ गादीवर बसण्यासारखं असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा बसून पाहावं. माणूस हळूहळू आत जातो. गाडी हलेल तसतशी मी कमरेपर्यंत बुडाले, नाकात तंतू गेले आणि शिंका सुरू झाल्या. पेन ड्राइव्ह पडू नये म्हणून मी पर्स छातीशी कवटाळली होती. त्या अवस्थेतही ऊन सौम्य होतं, वारा गार होता, आणि वरून दिसणारी ती पांढरी शेतं मी विसरणार नाही.

तेल्हारा

देवीदास गावंडेंचं घर आणि त्यांचा कॉम्प्युटर क्लास एकाच आवारात. पंचेचाळिशीचे, उंच, शेतावरून नुकतेच आले होते. घरची कापसाची शेती बघून संध्याकाळी क्लास घेतात. त्यांच्या बायको मंगलाताई मला बघून आधी दचकल्या, मग माझ्या केसांतला कापूस काढू लागल्या.

मी का आले ते देवीदासभाऊंना ताईंनी फोनवर सांगितलंच होतं. मी ओटीवर उभीच राहिले.

"बसा ना मॅडम. काहून उभ्या राह्यल्या?" ते म्हणाले. मी बसले. ते मात्र उभेच. "मले एक सांगा. आमी काय चोर आहो काय? दिवाळीच्या आधी ह्याच मशिनी बरोबर उत्तर देत होत्या. मी त्याइले हात भी लावला नाई. मग एकदम काय झालं?"

"तेच बघायला आलेय," मी म्हटलं.

"पाहा. सारं पाहा. पण एक सांगतो, मले दिवाळीपासून बरोबर झोप नाई. ह्या मशिनी मी लोकाच्या घरी नेऊन बसवल्या. शब्द माझा होता."

ह्या मशीनची गोष्ट त्यांनीच सांगितली. एका कचेरीने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, ते सगळेच्या सगळे त्यांनी उचलून आणले. एकेक उघडून साफ केला. काही क्लासात ठेवले, बाकीचे अकोल्या-अमरावतीला ओळखीच्यांना बसवून दिले.

त्या दिवशी रात्रीपर्यंत क्लासात मुलं होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, आम्ही क्लासात बसलो. मी देवीदासभाऊंच्या जुन्या मशीनवरचा प्रोग्रॅम काढून टाकला आणि पेन ड्राइव्हवरचा मूळ प्रोग्रॅम माझ्या हाताने टाकला. मग देवीदासभाऊंना आठवलं की मुलीच्या कॉलेजसाठी नवा लॅपटॉप घेतलाय. तो जाळ्यात कधीच नव्हता. त्याच्यावरही तोच प्रोग्रॅम टाकला. हे सगळं होईपर्यंत अकरा वाजले. एकाच टेबलावर, एकाच छपराखाली, दोन्हीकडे तोच तुकडा एकदम सुरू केला.

मध्ये वाट बघण्याखेरीज काम नव्हतं. मंगलाताई चहा आणत राहिल्या. आमच्याकडे पाहुण्याने दुसऱ्या चहाला नको म्हटलं तर यजमान समजून घेतो. इथे नको म्हटलं की त्यांना वाटतं पहिला आवडला नाही.

जेवणाची वेळ झाली आणि टेबलावरचा पंखा थांबला. जुन्या मशीनचा पडदा काळा झाला.

"लाईन गेली," मंगलाताई म्हणाल्या.

लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. जुन्या मशीनचा हिशेब मात्र मधेच तुटला. क्लासातला इन्व्हर्टर कधीचाच बिघडलेला. आणि त्याच वेळी लॅपटॉपचं काम संपलं. मी आकडा पाहिला. कागदाशी ताडला.

जुळत होता. निखिलच्या उत्तराशी, शेवटच्या आकड्यापर्यंत.

देवीदासभाऊंचा चेहरा उजळला. "जुळलं ना? मग झालं तर!"

पण झालं नव्हतं. मूळ प्रोग्रॅम टाकला आणि त्यांच्याच घरात बरोबर उत्तर आलं. जुन्या मशीननेही आता बरोबर उत्तर दिलं असतं तर त्याचा अर्थ एकच निघाला असता: दोष त्यांनी बसवलेल्या प्रोग्रॅमचा, म्हणजे त्यांचाच. ते सुटायचे असतील तर जुन्या मशीनने मूळ प्रोग्रॅमवरही चुकायला हवं होतं, आणि नलिनीताईंच्या घरी चुकलं होतं तसंच हुबेहूब. मी हे सांगितलं. मंगलाताई नवऱ्याकडे बघत होत्या.

"तुमी काई केलं तर नाई ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"मंगला!" ते म्हणाले. एवढंच. पण तो शब्द ऐकून माझा संशय गेला. पुरावा मात्र तेवढ्याने होत नाही.

"लाईन कधी येते?" ताईंनी विचारलं.

"आज कामं चालू आहेत लाईनीचे. आली तं रात्रीच."

मतदान संध्याकाळी होतं. हिशेबाला काही तास लागणार. मी मनातल्या मनात वेळ मोजत होते. तेवढ्यात मंगलाताई पायात चपला सरकवून बाहेर पडल्या. आल्या त्या शेजारच्या सलीमभाईंना घेऊन. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. मागे त्यांची दोन माणसं हातगाड्यावर जनरेटर ढकलत आणत होती.

"क्या देवाभाऊ," सलीमभाई म्हणाले, "इतकी बात थी तर सांगायचं ना. लग्न उद्याचं आहे. आज हे रिकामंच पडेल आहे. लावा, जेवढं लावायचं तेवढं."

एवढासा कॉम्प्युटर आणि त्याला अख्खं लग्न उजळून टाकणारा जनरेटर! तो सुरू झाल्याबरोबर शेजारपाजारचे लोक कुठे मांडव घातलाय ते बघायला आले आणि आमच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. जुनं मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सलीमभाई गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "मले पण पाहायचं आहे काय निघते ते."

त्या तासांत मी कशाची वाट पाहत होते? चुकीच्या उत्तराची. इतकी वर्षं फळ्यापुढे उभी राहून बरोबर उत्तराचा आग्रह धरला, आणि तेल्हाऱ्याच्या त्या धडधडत्या खोलीत मी देव पाण्यात घालून बसले होते, की बाबा रे, चूक. अमरावतीला चुकलास तसाच चूक.

उन्हं उतरली तेव्हा पडद्यावर आकडा आला. मी नलिनीताईंच्या घरी उतरवून घेतलेला आकडा मोठ्याने वाचू लागले आणि देवीदासभाऊ पडद्यावर बोट ठेवून एकेक अंक बघत गेले. पहिला जुळला. दुसरा जुळला. शेवटचा अंक मी वाचला आणि ते नुसते "हो" म्हणाले.

दोन गावं, दोन प्रोग्रॅम, एकसारखी जुनी मशीन. चूक तीच. म्हणजे ती माणसाची नव्हतीच, मशीनच्या जातीची होती.

निखिलला फोन केला. त्याने मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज येत राहिला. आम्ही फोनभोवती बसून होतो. शेवटी तो म्हणाला, "सापडलं. दिवाळीच्या आधी आपण प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सोडली ना, जी सगळ्या मशीनवर आपोआप गेली? तिच्यात नव्या प्रोसेसरसाठी गुणाकार-बेरीज एका दमात करायची सोय आहे. जुने प्रोसेसर तेच दोन टप्प्यांत करतात. दशांशाच्या फार पुढच्या जागी किंचित फरक पडतो. पण लाखो पायऱ्यांत तो वाढत जातो. आणि ऐका, त्यांचं उत्तर चुकीचं नाहीच. दोन्ही उत्तरं चालतात. जेवढी अचूकता आपल्याला लागते तेवढी दोन्हींत आहे. आपण अंकाला अंक जुळवायला गेलो, तेच चुकलं."

मग तो म्हणाला, "देवीदासभाऊ आहेत का तिथे? भाऊ, मी तुमच्याबद्दल जे बोललो ते चुकीचं होतं. माफ करा."

देवीदासभाऊ म्हणाले, "जाऊ द्या ना बापा. तुमी तपासलं हे बरं केलं. न तपासता काढलं असतं तं मी कोणाले काय दाखवणार होतो?"

मतदानाआधी निखिलनेच सगळा वृत्तांत लिहून सभासदांना पाठवला आणि ठराव बदलायला लावला. जुन्या मशीनचं उत्तर जुन्या मशीनशीच ताडायचं, नव्याचं नव्याशी, आणि दोन जातींची गाठ पडलीच तर किती फरक चालेल ते आधी ठरवायचं. वऱ्हाडाचं सगळं काम कायम. दोन-चार जणांनी तरीही विरोधात मत दिलं. मालक नसलेल्या घरात तेवढं चालायचंच.

निकाल कळला तेव्हा नलिनीताई भिंतीला टेकून बसल्या, डोळे मिटले, आणि बघता बघता घोरायला लागल्या. जनरेटर बाहेर धडधडत होता तरी. मंगलाताईंनी त्यांच्या अंगावर चादर टाकली आणि अंगणात गोवऱ्या रचल्या. त्या रात्री आम्ही निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, तुपात कुस्करून वांग्याच्या भाजीबरोबर खाल्ले. सलीमभाईही होते. मी किती खाल्ले ते सांगत नाही. तिखट तेवढंच होतं, पण आज डोळ्यांतलं पाणी पुसायची लाज वाटत नव्हती.

धारणी

अमरावतीला परतल्यावर ताई म्हणाल्या, "गाडीला वेळ आहे ना तुमच्या? मग मेळघाट पाहून जा."

परतवाड्यापर्यंत रस्ता सपाट. पुढे घाट लागला आणि मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. चढ, वळणं, दरी. झाडं मात्र सागाची, मोठाल्या पानांची, आणि पानांवर रस्त्याची धूळ. सेमाडोहच्या पुढे खड्डे असे की आमच्या शेअर जीपमधल्या बायका एकमेकींना धरून बसल्या होत्या, मीही कुणाला तरी धरलं. त्या बाईने उतरताना मला विचारलं, "लगा तो नहीं?" ह्या भागात हिंदी, मराठी आणि कोरकू एकाच वाक्यात नांदतात.

धारणीजवळच्या एका गावात आम्ही फुलवंतीकडे गेलो. अंगणवाडीत मदतनीस आहे. तिशीची, बारीक अंगाची, डोळ्यांत पिवळसर झाक. सिकलसेल तिला जन्मापासून. घर शेणाने सारवलेलं, इतकं स्वच्छ की मी चपला अंगणाच्याही बाहेर काढल्या. ताईंना बघून ती धावत आली, मग दम लागून दाराशी टेकली.

"थंडीत दुखते ना?" ताईंनी तिची बोटं दाबून पाहिली.

"दुखता है। पर पिछले साल से कम," ती म्हणाली. "गोळ्या घेते मी बराबर."

तिने आम्हाला मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसवलं आणि कोरा चहा दिला. ताईंनी तिला आमचं सगळं सांगितलं. जाळं, तुकडे, दोन-दोन घरी होणारा हिशेब, आणि सगळं काम कसं फेकलं जाणार होतं ते. मला वाटलं होतं त्या दोन वाक्यांत आटोपतील. त्यांनी जनरेटरसुद्धा सांगितला. फुलवंती पोटावर हात ठेवून हसली.

मग तिने विचारलं, "औषध कब आयेगा, मॅडम?"

मी ताईंकडे पाहिलं. खोटं बोलायचा मोह व्हावा असा तो प्रश्न होता.

"माहीत नाही," ताई म्हणाल्या. "तुझ्यासाठी येईल असं मी सांगत नाही. कदाचित ह्या रेणूंत एकही कामाचा निघणार नाही. पण हिशेब थांबलेला नाही. एवढं खरं आहे."

फुलवंतीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर निराशा मला दिसली नाही. असल्या उत्तरांशी तिची माझ्यापेक्षा जुनी ओळख असावी. थोडा वेळ ती खाटेच्या दोरीत बोट अडकवून बसली.

"इधर स्कूल में है एक कॉम्प्युटर," ती म्हणाली. "पुराना है। कोणी चालवत नाही, कपडा टाकून ठेवला आहे. वो चलेगा क्या तुम्हारे काम में?"

गेल्या आठवड्यात हाच प्रश्न कुणी विचारला असता तर मी नाही म्हटलं असतं. जुनी मशीन संशयाला कारण होती.

"चालेल," मी म्हटलं. "आता चालेल."

ताई खाटेवरून उठल्याही होत्या. "मास्तर असतील ना आत्ता? चल, दाखव," त्या फुलवंतीला म्हणाल्या. फुलवंतीने चहाचे पेले गोळा केले, पदर डोक्यावर घेतला आणि आमच्या पुढे शाळेच्या वाटेने चालू लागली. चढावर तिला दम लागला, म्हणून आम्ही तिघीही थांबत थांबत गेलो.